उशिराची टाळी

गाणाऱ्या बाईकडे श्रोत्यांनी पाठ फिरवली तर तिने काय समजावं? आपल्याकडे तिने मुकाट्याने तंबोऱ्याला गवसणी घालावी आणि घरी जाऊन कुकर लावावा. माझ्या धंद्यात मात्र तिने देवापुढे साखर ठेवावी.

मी वेल्समध्ये, कार्डिफला राहते आणि कंट्री म्युझिक गाते. अमेरिकेतल्या गुराख्यांचं आणि ट्रकवाल्यांचं हे संगीत. त्यात कुणाची तरी बायको सोडून गेलेली असते, कुणाचा तरी कुत्रा मेलेला असतो, आणि गाणाऱ्याला बहुतेक वेळा कुत्र्याचं दुःख जास्त असतं. इथे या गाण्यांचे क्लब आहेत. आठवडाभर बस चालवणारी, दात काढणारी, कौन्सिलच्या ऑफिसात बसणारी माणसं शनिवारी संध्याकाळी हॅट आणि बूट चढवून तिथे येतात आणि ओळी करून नाचतात. जोडीदार लागत नाही. सगळे एका भिंतीकडे तोंड करून एकसारखी पावलं टाकतात, ठरलेले ठेके संपले की सगळे मिळून पाव फेरा वळतात आणि तीच पावलं पुढच्या भिंतीकडे बघून पुन्हा सुरू. अशा चारही भिंती. त्यामुळे गायिकेला आधी तोंडं दिसतात, मग खांदे, मग पाठी, मग दुसरे खांदे. गाणं आवडलं नाही तर लोक नाचायला उठतच नाहीत, खुर्चीत बसून तुमच्याकडे एकटक बघतात. असं सगळ्यांनी तोंडाकडे बघायला सुरुवात केली की मी दाराकडे बघायला लागते.

आमच्या क्लबात एकच माणूस कायम माझ्याकडे तोंड करून बसायचा. ते आमचे अनिलराव. मला मोटरवेवर गाडी चालवायची भीती वाटते, म्हणून प्रत्येक कार्यक्रमाला हेच सोडायला येत आणि शेवटच्या रांगेत, कोट ठेवायच्या खुंट्यांखाली खुर्ची घेऊन बसत. बसत म्हणजे झोपत. इथल्या हॉस्पिटलात ते भूलतज्ज्ञ होते. लोकांना झोपवण्यात हयात गेली, त्यामुळे स्वतः झोपायला त्यांना निमित्त लागत नसे. मी स्टेजवर कितीही किंचाळले तरी त्यांच्या भुवईचा केस हलत नसे.

दिवाळी अंकासाठी ‘तुमच्या करिअरविषयी लिहा’ असा संपादकांचा फोन आला तेव्हा अनिलराव शेजारून म्हणाले, “कुठल्या ते विचारून घे. लॅबमधल्या की हॅटमधल्या?” त्यांचंही खरं आहे. दिवसा मी त्यांच्याच हॉस्पिटलच्या लॅबमध्ये लोकांचं रक्त तपासलं. तिथून निवृत्त होताना एक घड्याळ आणि एक केक मिळाला, आणि त्या करिअरबद्दल लिहिण्यासारखं तेवढंच आहे. हॅटमधलं करिअर अजून चालू आहे, आणि ते चालू का राहिलं याची हकिकत सांगण्यासारखी आहे.

क्लबात मला पहिल्यांदा नेलं ते लॅबमधल्या एका मैत्रिणीने. स्टेजवर एक बाई गिटार घेऊन गळा काढत होती. नवरा ट्रक घेऊन गेला तो गेलाच, भांडी मात्र घासायला ठेवून गेला, असा एकंदर आशय. मला एकदम कोल्हापूरची आमची सुंदराआत्या आठवली. भाकऱ्या थापताना ती नवऱ्याचे एकेक गुण ओवीत घालून म्हणायची, आणि ते ऐकत ते बिचारे तिच्याच हातची भाकरी जेवायचे. तक्रार करायची, पण ठेक्यात. ऐकणाऱ्याला लागत नाही आणि सांगणारीला बरं वाटतं. कंट्री आणि ओवी या दोघी सख्ख्या बहिणी आहेत, एक कोल्हापुरात दिली आणि एक टेक्ससमध्ये, हा माझा सिद्धांत त्या दिवशी तयार झाला. तो आजवर कुणीही खोडलेला नाही, कारण कुणी तो मनावरच घेतलेला नाही.

गिटार शिकले. क्लबाचा कारभारी टेरी हा निवृत्त बस ड्रायव्हर, पण शनिवारी तो ‘टेक्सस टेरी’ असे. टेक्सस त्याने पाहिलेलं नव्हतं, त्याची बस न्यूपोर्टच्या पुढे जात नसे. त्याने मला ‘कोल्हापूर केट’ असं नाव दिलं. विद्या हे नाव घोड्यावर बसणाऱ्या बाईला शोभत नाही, असं त्याचं म्हणणं. मग मी त्याला सांगितलं की आमच्याकडे नऊवारी साडी नेसून खुशाल घोड्यावर बसता येतं, तेव्हा त्याने हॅट काढून छातीशी धरली. त्या दिवसापासून नऊवारी, बूट आणि हॅट हा माझा पोशाख ठरला. घोड्यावर मी कधी बसलेले नाही. बॅरीच्या समुद्रकिनाऱ्यावर एकदा गाढवावर बसले होते, आणि तेही चाललं नाही. आमची लेक राधिका तेव्हा शाळेत होती, आणि इथेच वाढल्यामुळे तिचं मराठी आजही इंग्रजी वळणाचं आहे. तिने हात जोडून विनंती केली होती, “आई, तुझा हॅट घालून पेरेंट्स ईव्हनिंगला येऊ नको, प्लीज. माझा रेप्युटेशन आहे.”

टेरीच्या कमरेला एक खेळण्यातलं पिस्तूल असे. गाणं आवडलं की तो ते छताकडे धरून उडवायचा. हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. पहिल्या गाण्याच्या शेवटी धाडकन आवाज झाला आणि मी गिटारसकट स्पीकरच्या मागे जाऊन बसले. वर लोक टाळ्या वाजवत होते आणि मी खाली रामरक्षा म्हणत होते.

दुसऱ्यांची प्रसिद्ध गाणी मी बरी म्हणायचे. पण मला माझी गाणी म्हणायची होती. ओवीची चाल, कंट्रीची गिटार, अर्धे शब्द इंग्रजी, अर्धे मराठी, आणि ठेक्याला उजव्या बुटाला बांधलेली छोटी झांज. इथे माझी पंचाईत सुरू झाली. मराठी माणसं माझी गाणी मन लावून ऐकत, पण नाचत नसत. लंडनकडे स्टॅनमोरला एका लग्नात मी गायले तर समोरचे लोक हाताची घडी घालून कीर्तनाला बसल्यासारखे बसले. शेवटी नवऱ्या मुलाची आजी उठली, मला हळदीकुंकू लावलं, आणि ओटी कशात घालावी ते कळेना म्हणून माझीच हॅट उलटी करून तीत तांदूळ आणि नारळ घातला. ती हॅट त्यानंतर कधी डोक्यावर नीट बसली नाही. क्लबातली मंडळी नाचणारी होती, पण माझं गाणं लागलं की तेही खुर्चीत. मराठी शब्द आले म्हणून नव्हे, तसे ते माझ्या टेक्ससच्या उच्चारांवरही हसतच असत. कारण दुसरंच होतं. त्या गाण्यांना नाच नव्हता.

हे बाहेरच्या माणसाला समजावून सांगायला हवं. लाइन डान्समध्ये प्रत्येक गाण्याचा आपला नाच असतो. कुणीतरी तो बसवतं, शिकवतं आणि मग तो क्लबाक्लबांत पसरतो. नाच नसलेलं गाणं म्हणजे खेळणाऱ्यांना नियम न सांगता मांडलेला सारीपाट. आमच्याकडे नाच बसवण्याचा अधिकार ग्लेनिसचा. सत्तरीची, काटकुळी, शाळेत पी.टी. शिकवून निवृत्त झालेली बाई. तिने भुवई उचलली की गाणं उचललं जायचं. माझ्या गाण्यांकडे तिने अनेक वर्षं भुवई सपाट ठेवून पाहिलं.

“गाणं गोड आहे गं, लव्ह,” ती म्हणायची, “पण मला त्यात पाय दिसत नाहीत.”

शेवटी एका उन्हाळ्यात टेरीने मला बाजूला घेतलं. कमिटीचं म्हणणं असं होतं की फ्लोअर रिकामा पडतो. केटने एकतर सगळ्यांना माहीत असलेली गाणी म्हणावीत, नाहीतर क्लब तिच्याऐवजी डिस्क लावायला मोकळा.

“मला वाईट वाटतंय, केट,” टेरी म्हणाला आणि खरंच त्याला वाटत होतं. त्याने पिस्तूल काढून टेबलावर ठेवलं होतं.

मी म्हटलं, “सप्टेंबरमध्ये नवा हंगाम सुरू होईल ना? पहिल्या शनिवारी मला माझं एक गाणं म्हणू दे. फ्लोअरवर कुणी आलं नाही, तर त्यानंतर माझी गाणी मी घरात म्हणेन.”

घरी येऊन मी भांडी घासत रडले. लॅबमध्ये निवृत्तीच्या दिवशी रडले नव्हते. दुसऱ्यांची गाणी गाण्यात कमीपणा नाही, पण साठीला आलेल्या बाईला आपल्या मनातलं एक तरी गाणं कुणीतरी पायांवर घ्यावं असं वाटतं. अनिलरावांना सांगायला गेले तर ते टीव्हीपुढे झोपले होते.

गाणं कुठलं म्हणायचं ते ठरलेलं होतं. त्याचं नाव ‘आलोच’. ते माझं सगळ्यात आवडतं, आणि अनिलरावांवरच रचलेलं. हा माणूस जन्मात कुठे वेळेवर पोचलेला नाही. आमच्या लग्नात मुहूर्त टळला तेव्हा गुरुजींनी पंचांग उलटंपालटं करून दुसरा काढला. कुठूनही फोन करा, यांचं उत्तर एकच, “आलोच.” ते आलोच म्हणाले की मी एक स्वेटर विणायला घेते. हॉस्पिटलात ऑपरेशनला मात्र आपल्याला कधी उशीर झाला नाही असं ते सांगतात. मी सर्जनना विचारायला गेले नाही. तर गाण्याची सुरुवात अशी:

गाडी गेली, बस गेली, गेला गं शनिवार,
हे म्हणाले ‘आलोच बघ’, उघडेना पण दार.
आलोच म्हणाले, आलोच म्हणाले, चहा झाला गार!

हे गाणं मी वर्षानुवर्षं त्यांच्यासमोर गायले आणि त्यांनी ते एकदाही ऐकलेलं नव्हतं. शनिवारची त्यांची झोप फार गाढ.

आता घोळ कसा झाला ते सांगते. क्लब ज्या हॉलमध्ये भरतो तोच हॉल आमचं मराठी मंडळ गणपतीला घेतं. हॉलच्या केअरटेकरने त्या पहिल्या शनिवारी दोघांनाही तारीख दिली. शेवटी समेट असा झाला की आधी मंडळ, सहाला आरती, प्रसाद, की हॉल मोकळा, मग सातला क्लब. दोन्हीकडची मीच असल्यामुळे दोन्हीकडच्यांना मीच शब्द दिला. हॉलच्या एका टोकाला गणपती, दुसऱ्या टोकाला स्टेज, मध्ये नाचाचा मोकळा फ्लोअर.

मंडळाच्या अध्यक्षा लतावहिनी. कडक बाई, पण मनाने चांगल्या. त्या वर्षी मानाची आरती त्यांनी अनिलरावांना दिली. त्यात भक्तीचा भाग थोडा होता. अनिलरावांची टाळी अर्धा ठेका उशिरा पडते. सगळ्यांची वाजून गेली की यांची, आणि हात एवढे मोठे की सगळी आरती त्यांच्यामागे घसरत जाते. आधी मंडळाने त्यांच्याकडून झांज काढून घेतली होती. तेवढ्याने भागेना, तेव्हा वहिनींनी विचार केला की हातात तबक दिलं म्हणजे टाळीचा प्रश्नच मिटला.

तर सहा वाजले, आणि निरांजन आमच्या घरीच राहिल्याचं लक्षात आलं. अनिलराव गाडीची किल्ली घेऊन उठले. वहिनी म्हणाल्या, “अहो अनिलराव, लवकर या हं, लोक खोळंबलेत.”

“आलोच,” ते म्हणाले.

मी वहिनींकडे पाहिलं. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मोदकांवर पुन्हा झाकण ठेवलं गेलं.

सात वाजता दारातून हॅटा यायला लागल्या. एका टोकाला पैठण्या आणि झब्बे, दुसऱ्या टोकाला झालरीची जाकिटं, आणि मध्ये रिकामा फ्लोअर. दोन्ही बाजूंनी एकमेकांकडे सौजन्याने हसणं चालू होतं. मी अनिलरावांना फोन केला. “सापडलं, निघालोच,” असं उत्तर आलं आणि मागून आमच्या घरातला टीव्ही ऐकू आला. टेरी घड्याळ बघत होता. शेवटी वहिनीच म्हणाल्या, “विद्या, तू तुझं सुरू कर बाई. आम्ही बसतो गप्पा मारत.”

टेरीने माइक घेतला आणि कोल्हापूर केट आपलं स्वतःचं गाणं म्हणेल असं जाहीर केलं. क्लबातली मंडळी शहाण्यासारखी खुर्च्यांवर जाऊन बसली. ग्लेनिस पुढच्याच खुर्चीत, हाताची घडी, भुवई सपाट. सगळी तोंडं माझ्याकडे. मी बूट आपटला, झांज वाजायला लागली, गिटार सुरू केली. पहिलं कडवं झालं. कुणी उठलं नाही. ओळखीची दोन माणसं चहाकडे गेली. मी डोळे मिटून दुसरं कडवं घेतलं, आणि मनात म्हटलं, विद्याबाई, संपलं आता.

तेवढ्यात दार उघडलं आणि अनिलराव आले.

त्यांचा चेहरा मी विसरणार नाही. हातात निरांजनाची पिशवी, कानांवर झांजेचा आवाज, समोर गणपती. त्यांना वाटलं, आपल्याला टाकून आरती सुरू झाली! हा माणूस तीर सुटल्यासारखा रिकाम्या फ्लोअरमधून धावत सुटला. गणपतीपुढे जाऊन निरांजन पेटवलं, तबकात ठेवलं आणि माझ्या गाण्यावर ओवाळायला लागले.

आता तुम्हीच सांगा, निरांजन हललं की मराठी माणूस बसून राहील का? त्याला शब्द ऐकावे लागत नाहीत. शरीर आपोआप उठतं. मंडळातली सगळी माणसं गप्पा अर्ध्यावर टाकून उभी राहिली, चपला-बूट काढून भिंतीला लावले, आणि टाळ्या सुरू झाल्या. माझी चाल ओवीची, लय आरतीची, झांज तर होतीच. मागच्या दोन काकूंनी तर आरतीचे शब्द माझ्या चालीत बसवलेसुद्धा, आणि मला कबूल करावं लागेल की ते माझ्या शब्दांपेक्षा चांगले बसले.

मी थांबायला हवं होतं की काय, हे मला आजही कळत नाही. पण बाप्पा चौसष्ट कलांचा धनी. कुणाचं गाणं बुडताना पाहून त्याला राग आला असता असं मला वाटत नाही. मी गात राहिले.

आणि मग अनिलरावांनी घात केला. भक्तीच्या भरात त्यांनी तबक वहिनींच्या हातात दिलं आणि आपले हात मोकळे केले. सगळ्यांची टाळी पडली. मग, अर्ध्या ठेक्याने, फट! सगळ्यांची टाळी, मग फट! दोन ओळी झाल्यावर नेहमीप्रमाणे सगळं मंडळ त्यांच्यामागे घसरलं आणि चाळीसेक माणसं एकदम अर्धा ठेका उशिरा टाळी वाजवायला लागली.

ग्लेनिसच्या हातांची घडी सुटली. भुवई वर गेली. मग ती वाकली आणि बूट काढायला लागली.

तिचं बघून बाकीच्यांनी काढले. गुराख्यांचे बूट निघता निघत नाहीत. टेरी जमिनीवर बसला आणि एका दंतवैद्याने त्याचा बूट दोन्ही हातांनी उपटला. मोजे घातलेले गुराखी मंडळाच्या मागे ओळी करून उभे राहिले आणि पुढच्यांचं बघून करायला लागले. टाळी उशिरा. डोलणं जागच्या जागी. वहिनी तबक घेऊन फिरल्या तेव्हा पुढच्यांनी ज्योतीवर हात धरून डोळ्यांना लावले, तर मागच्या चार ओळींनी ज्योत नसताना तेच केलं, डावीकडून उजवीकडे, एकत्र, सुरेख. माझी कडवी संपली. मी रचत गेले. पार्किंगवर एक झालं, मोटरवेवर एक झालं, गार चहा पुन्हा दोनदा गरम केला. समोर सगळा हॉल माझ्याकडे पाठ करून उभा होता, एकही तोंड दिसत नव्हतं, आणि मला हुंदका आवरत नव्हता.

शेवटी आरती संपताना आपण करतो तसं मंडळ स्वतःभोवती फिरलं. लाइन डान्सरला गिरकी नवी नाही. सगळे गुराखी एका टाचेवर स्वच्छ फिरले आणि हात जोडून थांबले. अनिलराव गरजले, “गणपती बाप्पा!” मंडळ म्हणालं, “मोरया!” आणि टेरीने सवयीने पिस्तूल उडवलं.

मंडळातल्या दोन आज्या खाली बसल्या, पण तेवढंच. नंतर खरी आरती झाली. गुराखी मोजे घालून उभे होते, आणि त्यांची प्रदक्षिणा आमच्यापेक्षा सरळ होती. मोदक मात्र त्यांना पुरले नाहीत.

ग्लेनिस धापा टाकत माझ्याकडे आली. कार्डिफकडे उत्तम गोष्टीला ‘टाइडी’ म्हणतात, आणि तो शब्द मी तिच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला. “टाइडी, केट! आता मला पाय दिसले. आणि ती उशिराची टाळी! ती कुणाची कल्पना? तो पुढचा उंच माणूस कोण?”

“माझा नवरा,” मी म्हटलं.

“तो कोट ठेवतात तिथे झोपतो, तो? अगं, तो जीनियस आहे!”

हे मी अनिलरावांना सांगितलं नाही. पण परतताना गाडीत राधिका होती. ती आता स्वतः शाळेत शिकवते, पण लपवाछपवी तिला जमत नाही.

“बाबा, तुला माहीत आहे ना, आईची ती गाणं तुझ्यावर आहे?”

“कुठलं?”

“ज्याच्यावर तू आरती केलास!”

त्यांनी इंडिकेटरऐवजी वायपर लावले. मग ते म्हणाले, “चहा गार झाला, ते माझ्यामुळे?”

“हो.”

“मला आधी का नाही सांगितलंस?”

“अहो, तुम्ही जागे कधी होता?”

त्यांनी वायपर बंद केले. मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं, पण वाईटच वाटलं. इतकी वर्षं ज्याची तक्रार केली त्याच्या कानांवर ती पोचली, आणि तो दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून गाडी चालवत होता. पुढच्या शनिवारी ते खुंट्यांखाली बसले, आणि डोळे उघडे ठेवून बसले. मला गाताना अवघडल्यासारखं झालं.

ग्लेनिसने नाच बसवला. न्यूपोर्टहून, स्वान्सीहून लोक शिकायला आले, राधिकाने काढलेला व्हिडिओ बघून लंडनकडच्या इल्फर्डच्या एका क्लबाने मला बोलावलं. हा नाच मोजे घालूनच करायचा असा नियम आहे, का ते कुणाला माहीत नाही. ‘आलोच’ आता जिथे वाजतं तिथे फ्लोअर भरतो. डिस्कचा विषय कमिटीने पुन्हा काढलेला नाही. एक बारीकशी खंत आहे, ती सांगून टाकते. मी वीस वर्षं गळा तापवला, आणि लोक येऊन विचारतात ते त्या टाळीबद्दल. करिअर माझं, नाव यांच्या हातांचं.

हंगामाच्या शेवटच्या शनिवारी ग्लेनिसने ठरवलं की नाचाच्या जनकाला पुढच्या ओळीत उभं करायचं. अनिलराव आठवडाभर नाही नाही म्हणाले. पण मी बघत होते, हे गॅसपाशी उभे राहून चोरून टाळ्या वाजवत होते. आपली टाळी सगळ्यांसारखी उशिरा पडावी म्हणून त्यांनी सराव चालवला होता. आपल्याला जनक म्हणतात ते आरतीमुळे, असं त्यांना वाटत होतं; ती उशिराची टाळी मुळात त्यांचीच, याचा त्यांना पत्ता नव्हता. त्यांना सांगायला माझी जीभ रेटली नाही.

शनिवारी ते उभे राहिले. डोक्यावर माझी स्टॅनमोरवाली हॅट, पायांत मोजे, मोज्याला अंगठ्यापाशी भोक. मी बूट आपटला आणि गाणं सुरू केलं. गाडी गेली, बस गेली. हॉल डावीकडे सरकला, उजवीकडे सरकला, हेही मागोमाग सरकले. माझं लक्ष त्यांच्या हातांकडे होतं. टाळीची जागा आली, दोनशे हात वर झाले, आणि ते थांबले, सगळे शिकल्याप्रमाणे अर्धा ठेका थांबले.

त्या शांततेत एकच टाळी पडली. अचूक, ठेक्यावर, मोठ्या हातांची.

“अनिल, लव्ह!” ग्लेनिस अख्ख्या हॉलला ऐकू जाईल अशी ओरडली. “तू लवकर आलास!”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. सबंध संसारात मी त्यांचा चेहरा एवढा फुललेला पाहिला नव्हता. मला हसू फुटलं, गाणं तुटलं, आणि ते हॅट सावरत सगळ्यांबरोबर पुढच्या भिंतीकडे वळले.